उंबऱ्याबाहेरची पाहुणी

तीन दिवस फिरायचं आणि चौथ्या दिवशी लग्न जेवून परत यायचं, एवढाच बेत होता. निदान घरच्यांना मी एवढाच सांगितला होता. २०१७ चा फेब्रुवारी, थंडी सरत आलेली, आणि मी चौसष्ट वर्षांची, म्हणजे आताच्या हिशोबाने तरुणच. नाशिकहून जव्हारमार्गे डहाणूला जाणाऱ्या एसटीत बसले तेव्हा सुनेने हातात उलटीच्या गोळ्या दिल्या आणि मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये कोंबली. जणू मी हरवणारच होते. हरवले मी, पण त्या नंबराचा तिथे काही उपयोग नव्हता.

खरी गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती. ती सांगायची तर त्या तेवीस वर्षांच्या शहाणीपर्यंत मागे जावं लागतं, जिच्याशी माझा आता नाइलाजाने संबंध आहे.

अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत होतो. एक डहाणूची, एक तलासरीजवळच्या पाड्यावरची आणि तिसरी मी. त्या दोघी नुसत्या हुशार होत्या, शहाणी मी एकटीच. शिक्षण संपलं, तिघींना शाळा मिळाल्या, आणि वर्षभरात तलासरीवालीचं पत्र आलं. एका शेतकऱ्याबरोबर घर मांडलंय, मे महिन्यात राहायला ये, असं. पत्रात लग्नाचं अक्षर नव्हतं. मी उलट टपाली विचारलं. तिनेही सरळ कळवलं की लग्न झालेलं नाही, पुढे कधीतरी करू.

झालं. आमच्या शहाणीने आंतर्देशीय पत्र काढलं आणि दुमडायच्या पट्टीसकट भरून टाकलं. समाज, संस्कार, शिक्षकी पेशाची जबाबदारी, सगळं आलं त्यात. शेवटी लिहिलं, की विधिवत लग्न झाल्याशिवाय मी तुझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. 'विधिवत'खाली दोन रेघा. हिला स्वतःला विधींमधलं सत्यनारायणाच्या शिऱ्यापलीकडे काही कळत नव्हतं, तरी दोन रेघा.

उत्तर आलं नाही. एकेचाळीस वर्षं आलं नाही.

डहाणूवाली मात्र दोघींशी धरून राहिली, आणि एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. २०१७ च्या सुरुवातीला अचानक तिचा फोन आला. म्हणाली, तलासरीला तिच्या घरी लग्न आहे आणि तुला बोलावलंय. कोणी बोलावलंय, विचारलं तर म्हणाली, तिनेच. कोणाचं लग्न, तर म्हणाली, घरातलंच. तिला मुलगा आहे एवढं मी उडत उडत ऐकलं होतं, म्हणून सुनेसाठी एक मोरपंखी साडी घेतली. पण तिने मला माफ करून बोलावलंय की चार लोकांत माझी शोभा करायला, हे काही केल्या समजेना. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. समुद्र आणि चिकू हे घरच्यांना सांगण्यापुरते होते.

पहिल्या सकाळी डहाणूवालीने मला किनाऱ्यावर नेलं तर समुद्रच नव्हता. सुरूची झाडं होती, बसायला कठडा होता, पुढे नजर पोचेल तिथपर्यंत ओली काळपट वाळू आणि त्यात रुतून कलंडलेल्या दोन होड्या. आदल्या रात्री जेवणानंतर मी याच कठड्यावरून लाटा पाहिल्या होत्या. मी म्हटलं, आपण दुसरीकडे आलोय का? तिने बोटांवर तिथी मोजली आणि सांगितलं की पाणी बारा-साडेबाराला येईल. मी हळूच विचारलं, ती माझ्यावर रागावलेली आहे का. तर ही म्हणते, "बेन, आज ओहोटी लांब आहे, दुपारी ये." हिचे यजमान गुजराती, त्यामुळे चाळीस वर्षांत सगळं जग हिची बेन झालेलं. पण ते समुद्राचं उत्तर होतं की माझ्या प्रश्नाचं, हे मी दुपारपर्यंत ठरवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाडीत गेलो. बायका लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीत चिकू अलगद उतरवत होत्या आणि खाली बसलेल्या दोघी नुसत्या नजरेने लहानमोठा वेगळा करत होत्या. मी एक ताजा उचलला आणि चावला. झाडावरून उतरवलेला चिकू चार दिवस ठेवल्याशिवाय खायचा नसतो, हे नाशिकच्या बाजारात तयार चिकू घेणाऱ्या बाईला कुठून माहीत असणार? चिकाने ओठ असे चिकटले की अर्धा तास मला काही विचारता आलं नाही. डहाणूवालीचा तो अर्धा तास फार आनंदात गेला.

तिसऱ्या दिवशी चिंचणीला गेलो. बांबूंच्या मधे दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील वाळत घातले होते. मी नाकाला पदर लावून उभी. बघते तर एकही सुटा नाही, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवलेले. तिथल्या कोळीणबाईंना विचारलं, हे असे एकमेकांना धरून का टांगलेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"जोडीनं घातलं का वाऱ्यानं पडत नाय," त्या म्हणाल्या. "त्यांना काय भटजी लागत नाय, बाय."

बोंबील घालणाऱ्या सगळ्याजणी हसल्या. डहाणूवाली जरा जास्तच हसली, रुमाल काढून डोळे पुसले तिने. त्यात एवढं काय आहे ते मला कळलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जीपने तलासरीकडे निघालो. हमरस्ता ओलांडून आत वळलो तेवढ्यात मोबाइलने गुजरातमध्ये स्वागत आहे असं कळवलं. मी घाबरून डहाणूवालीला विचारलं, आपण राज्य बदललं का? ती म्हणाली, "टॉवरचं काय मनावर घेतेस."

पाड्यावर पोचलो तर हिरव्या फांद्यांचा मांडव घातलेला, एका अंगाला ढोलवाले आणि दुसऱ्या अंगाला माणसाच्या उंचीचे स्पीकर. दोघांचं एकाच वेळी चाललेलं. मधोमध पाटावर एक मुलगी हळद लावून बसली होती, तिच्या मांडीवर वर्षाच्या आतली एक तान्ही. शेजारी, पिवळ्या मुंडावळ्या बांधलेली, पांढऱ्या केसांपर्यंत हळद माखलेली, ती.

मी ओळखलं. तिनेही ओळखलं असावं, कारण तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

आमच्याकडेही वरमाईला हळद लावतात, आणि मुंडावळ्या ही इकडची रीत असेल, म्हणून मला वावगं वाटलं नाही. जरा जास्त लावली होती एवढंच. धीर करून पुढे गेले आणि साडी त्या मुलीच्या हातात दिली, नवरीला म्हणून. ती लाजली आणि म्हणाली, "मावशी, आधी सासूबाईंना द्या. पहिलं लगीन त्यांचं आहे."

मी हसले. मला वाटलं थट्टा आहे. बाकी कोणीच हसलं नाही, तेव्हा मी हळूहळू हसणं थांबवलं.

मग तिने, माझ्या मैत्रिणीने, शाळेत समजावून सांगतात तसं सगळं सांगितलं. एकेचाळीस वर्षांनी ऐकलेला तिचा आवाज थोडा जाड झाला होता, बाकी तोच. त्यांच्या वारल्यांत दोघांचं पटलं की घर मांडतात. लग्न म्हणजे सगळ्या गावाला जेवण आणि भिंतीवर पिठाने काढलेला देवीचा चौक. ते सवडीने होतं, कधी पोरं झाल्यावर होतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. फक्त एक नियम पक्का. आईबापाचं लग्न झाल्याशिवाय मुलाचं लागत नाही. यांचं आज करू उद्या करू करत राहून गेलं. मधे दिरांची लग्नं झाली, घराची कौलं बदलली, तिची बदली झाली. आता मुलाला मांडवात बसायचं होतं, तेव्हा आधी हे दोघं बसणार होते. एकाच मांडवात, एकाच दिवशी.

"म्हणजे मी पत्र लिहिलं तेव्हा..." मी म्हटलं.

"तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. तू बरोबरच लिहिलं होतंस." असं म्हणून ती उठली, आणि दारापाशी वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमचं दुपारी बारापर्यंत लागेल. तोवर तू अंगणातच बस हं. तुला आत येता येत नाही ना."

आणि आत गेली. डहाणूवालीही तिच्या मागोमाग आत. मी मांडवात, प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर, आणि समोर दोन हातांवर उंबरा.

माझं डोकं चालेना. थट्टा असेल तर हसून आत जायला हवं होतं. राग असेल तर गप्प बसून शिक्षा भोगायला हवी होती. आणि मानच देत असेल, माझा शब्द मोडू नये म्हणून, तर? तिचा चेहरा आठवून पाहिला, पण हळदीच्या थराखाली माणसाचं काही ओळखू येत नाही. आत-बाहेर करणाऱ्या बायका मला वळसा घालून जात होत्या. एकीने चहा दिला. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही आत का नाय येत?" मी सांगितलं, वारा घेतेय. त्या मांडवात वाऱ्याचं नाव नव्हतं.

थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. तेही नखशिखान्त पिवळे. ओळख करून द्यायची गरज नव्हती. म्हणाले, तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण ते कुठल्या जुन्या पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. म्हणाले, मी तेव्हा बोललो, एक बैल विकू आणि लगीन उरकून घेऊ, तुझी मैत्रीण तरी येईल. पण तिने बैल सोडू दिला नाही. म्हणाली, लगीन आपल्या हौसेने करायचं, कोणी पाहुणी यावी म्हणून नाही.

मी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. मग त्यांनीच अगदी साधेपणाने विचारलं, "तुमचं कसं झालेलं? आधी लगीन, का आधी ओळख?"

आता काय सांगणार? शहाणीने पत्र टाकल्यानंतर सहा महिन्यांत तिचं विधिवत लग्न झालं होतं. नवऱ्याला तिने त्याआधी एकदा पाहिलं होतं, कांदेपोहे संपेपर्यंत, आणि त्यातही मान खाली असल्यामुळे मुख्यतः त्याचे बूट. लग्नात हार घालताना ती क्षणभर त्याच्या धाकट्या भावाकडे वळली होती, कारण दोघांचे बूट सारखे होते. मी म्हटलं, "आधी लग्न. ओळख व्हायला पुढे दहा-बारा वर्षं लागली."

त्यांनी समजुतीने मान हलवली. "तसं पण चालतं," ते म्हणाले, आणि ढोलवाल्यांकडे निघून गेले.

घड्याळात अकरा वाजत होते. तासभर बसून राहिले असते तर सगळं रीतसर झालं असतं. तिचं लग्न लागलं असतं, माझं पत्र खरं ठरलं असतं, आणि मी ताठ मानेने आत गेले असते. त्या तेवीस वर्षांच्या बयेला हेच हवं होतं. एकेचाळीस वर्षं थांबली होती ती, एका तासाने तिचं काय जाणार होतं? पण मला एकाएकी वाटलं, की बाराला आत जाण्यापेक्षा इथूनच जीप पकडून परत गेलेलं बरं.

चपला काढल्या आणि आत गेले.

आत गार होतं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर दोघी-तिघी तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या आणि एक वयस्क बाई त्यांच्यासाठी गाणं म्हणत होती. माझी मैत्रीण दुसऱ्या भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तान्हीला घेऊन सून. मला बघून म्हणाली, "अजून लागलं नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

केवढं तरी बोलायचं ठरवून आले होते, नाशिकपासून जुळवत आले होते. तोंडातून निघालं ते असं, "बाहेर ऊन फार आहे."

तिने मला जरा वेळ निरखलं. मग सुनेकडून ती तान्ही घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आत्ताच झोपलीय, उठवलीस तर बघ." आणि बायका तिला घेऊन बाहेर गेल्या.

मी भिंतीला टेकून बसले. पोरगी माझ्या पदराचं टोक मुठीत धरून घोरत होती. बाहेर ढोल वाजले, थांबले, पुन्हा वाजले. मला वाटलं कोणी पाहुणे आले असतील, किंवा देवीला बोलावत असतील. त्यांचं लग्न कसं लागतं हे मला कुठे माहीत होतं? सुरू झालं की कोणी हाक मारेल अशी वाट बघत मी तांदळाच्या पांढऱ्या रेघा मोजत राहिले.

बऱ्याच वेळाने ती आत आली. कपाळावर कुंकू पसरलेलं, केसांत तांदळाचे दाणे.

"कधी आहे गं?" मी विचारलं.

"काय कधी? झालं."

"मला बोलवायचं नाही?"

"तू आत होतीस ना," ती म्हणाली.

एवढं मोठं पत्र लिहून मागितलेलं लग्न माझ्यापासून वीस पावलांवर लागलं आणि मला दिसलं नाही. तिने हे ठरवून केलं, की गडबडीत विसरली, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं, रागावली आहेस का अजून? ती म्हणाली, "पोरीला खाली ठेव आधी. पाय आखडले असतील तुझे."

आखडलेच होते. उठताना तिने हात दिला. तिच्या हाताची हळद माझ्या मनगटाला लागली, आणि आम्ही मुलाच्या लग्नाला बाहेर आलो. कोणत्या बाजूला उभं राहायचं मला समजेना, म्हणून तिच्या बाजूला उभी राहिले.