भिक्खूच्या ओट्यावरची राजकन्या

जुन्नरच्या लेण्यांवर पाहुणे आले की तिथला वाटाड्या आधी विचारतो, "तो राजकन्येचा कार्टूनचा पिच्चर पाह्यलाय का?" पाहिला असेल, तर भिक्खूंना निजायला कोरलेला दगडी ओटा लगेच राजकन्येचा पलंग होतो. शेजारच्या कोनाड्यात तिचा बोलका पोपट राहतो. परवा एका बाईंनी राजपुत्राच्या घोड्याची चौकशी केली. याने पायरीवरचा खड्डा दाखवला, "ही त्याची टाप, ताई." मी दर रविवारी वर जातो आणि दर रविवारी त्याच्या गोष्टीतली राजकन्या आणखी थोडी रडते.

त्या बाई आल्या त्याच दिवशी एक तरुण पाण्याच्या टाक्यावरच्या शिलालेखात किल्लीने बदाम कोरू लागला. याने त्याचं मनगट धरलं. "तिथं न्हाई! तिथं टाकं देणाऱ्याचं नाव हाय." पोपटासकट सगळी गोष्ट गप्प झाली.

पाहुणे उतरल्यावर मी म्हणालो, "हेच सांगत जा की सगळ्यांना."

"सांगत व्हतो, भाऊ. एकानं टाकं खोदलं, बाकीचे पाणी प्याले. यात पिच्चरसारखं गाणं कुठं घालू?"

त्याने टाक्यातल्या पाण्याची पहिली ओंजळ लेखाखाली सोडली, दुसरी स्वतः प्याला. खालून नवे पाहुणे येताना दिसले, तसा ओल्या हाताने मिशा पुसत तो राजकन्येला उठवायला गेला.