सातव्या गाण्यातला खोकला

टाकवे बुद्रुकच्या रखमाजींना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी गाणी सोळा येतात. लोणावळ्याला एका बंगल्यावर ते माळी होते. ऐंशीच्या दशकात तिथल्या बाजारात त्यांना एक स्वस्तातली कॅसेट मिळाली. तेव्हा गाजत असलेली सोळा गाणी एकाच कॅसेटवर! चाळीस वर्षं ते ती गात आले. ऐकायला आधी नुसते गुलाब होते, पुढे नात माधवी आली. चारचौघांत मात्र कधीच नाही.

माधवीने आपल्या हळदीला हट्टच धरला. "आबा, सातवं गाणं! ऑफिसच्या मैत्रिणी आल्यात माझ्या."

"अगं, हसतील. माज्यापायी तुला खाली बघावं लागंल."

"तुम्ही गा हो!"

डीजेवाल्या निलेशने मोबाइलवर शोधून नुसतं संगीत लावलं. माइक आबांच्या हातात दिला. रखमाजींनी डोळे मिटले आणि असे सुटले, की बायांचे हळदीचे हात तसेच वर राहिले. दुसरं कडवं संपलं आणि ते ठसक्यात दोनदा खोकले.

निलेशने गाणं थांबवलं. "आबा, पानी देऊ?"

"पानी कशाला? गान्यातच हाय त्यो!"

एका मैत्रिणीने लगेच मूळ गाणं लावलं. त्यात खोकला नव्हताच. मग उलगडा झाला. स्वस्तातली कॅसेट, गाणी भलत्याच कुणाकडून गाऊन घेतलेली, आणि त्या बापड्याला ऐन वेळी ठसका लागलेला. रखमाजींनी तो चाळीस वर्षं तालात सांभाळला होता!

मांडव खो खो हसायला लागला. रखमाजींचे कान लाल झाले. त्यांनी माइक खाली ठेवला.

तोच पाटावरून माधवी ओरडली, "निलेशदादा, पुन्हा लाव! आमच्या घरचं गाणं खोकल्याचंच आहे."

तिने आबांच्या हातात माइक कोंबला. कडवं संपताच हळदीने माखलेली नवरी जोरात खोकली. पुढच्या खेपेला मैत्रिणी खोकल्या, मग चुलीजवळचे आचारी. रखमाजी तर नाचायलाच लागले.

चौथ्या खेपेला, जन्मभर या गाण्यांना नाकं मुरडलेली त्यांची बायको रतनबाईसुद्धा तोंडाला पदर लावून खोकली. तीनदा.

"अगं ए," रखमाजी माइकवरूनच ओरडले, "दोनदाच! समदं गानं बिघडवलंस की!"