आईच्या कानावरची वेल

माझ्या आईच्या उजव्या कानाची पाळी खालून चिरलेली आहे. मी शाळेतही जात नव्हते तेव्हाची गोष्ट. अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतात कापूस वेचून झाला होता आणि ती गाठोडं डोक्यावर घेत होती. झुमका गाठोड्याच्या कापडात अडकला. गाठोडं वर गेलं, झुमका त्याच्यासोबत गेला. जखम भरली, पण पाळी जुळली नाही. पुढं तिनं दुसऱ्या कानातलाही काढला, आणि दोन्ही झुमके मोडून घरात शिलाई मशीन आलं. डॉक्टर टाके घालून पाळी सांधून देतो म्हणाले होते. ती म्हणाली, "आता कशाला सुई?" तेव्हापासून तिचा पदर उजव्या कानावर जरा जास्तच ओढलेला असतो.

मी जालन्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. त्या उन्हाळ्यात माझ्या दादाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आई खरेदीच्या निमित्तानं माझ्याकडं राहायला आली. दुपारी आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावायचो, कूलर सुरू करायचो आणि फरशीवर आडव्या व्हायचो. चादरीतून झिरपणारा उजेड हिरवट असायचा, विहिरीच्या तळाशी निजल्यासारखं वाटायचं. मी फोनवर नवरीसाठी दागिने शोधायचे. कुठल्या नटीनं लग्नात काय घातलं, कोणत्या डिझायनरनं पाचूंवर मोती कसे रचले. आई शेजारी पडून बघायची. नट्यांची नावं तिला माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायचीही नव्हती.

"मोठं कर," एवढंच म्हणायची.

मी दोन बोटांनी फोटो ताणत न्यायचे. चेहरा बाजूला सरकायचा, खांदा जायचा आणि फोनभर एकच मोती उरायचा.

"पाणी बघ कसं हाय त्याला," ती म्हणायची. बघता बघता तिचे डोळे मिटायचे. मी दुसरा फोटो उघडला की मिटल्या डोळ्यांनीच विचारायची, "आता कोन्ता आला?" मग मी तिला तो सांगायचे. लाल खडा, बाजूला बारीक पांढरे, मधे सोन्याची तार. ती ऐकत ऐकत झोपून जायची.

अशाच एका दुपारी तो फोटो आला. परदेशातला कुठलातरी समारंभ, आणि एक नटी केस वर बांधून उभी. गळा मोकळा, हात मोकळे. फक्त एका कानाच्या कडेवरून सोन्याची पानं चढत गेलेली.

आई उठून बसली. "हिच्या पाळीला काहीच न्हाई."

"हे वरूनच बसवतात, माय. कानाच्या कडेला पकड असते. भोक लागत न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला. दुसरा हात पदराखाली गेला आणि कानाच्या वरच्या कडेवरून हळूहळू फिरला. मी कागद-पेन्सिल आणली आणि म्हटलं, "जरा पदर मागं घे. मला तुझा कान काढू दे."

"चल, येडी कुठली," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं भिंतीला टेकून बसली आणि तिनं पदर मागं सारला.

इतक्या जवळून मी तो कान कधी पाहिला नव्हता. वरची कड बारीक आणि एकसारखी, एका दमात ओढलेल्या रेघेसारखी. मी तो काढला, मग त्याच्यावर वेल चढवली. नटीच्या कानावर कुठलीतरी विलायती पानं होती. मी आमच्या गोठ्याच्या छपरावर चढायचा तो दोडका काढला, तणाव्याच्या गुंडाळ्यांसकट. शेवटचं पान खाली सोडलं, चिरेवर अलगद येईल असं. मान वर केली तर आई बसल्या बसल्या झोपली होती.

चित्र घेऊन आम्ही जालन्यातल्या मस्तगडात एका सोनारकाकांकडं गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ही तर बुगडीच झाली की, नुसती लांबलेली," ते म्हणाले. "चांदीत करू. पण मावशी, सैल ठेवली तर पडंल अन् आवळली तर दुखंल. बघा."

त्यांनी दोऱ्यानं आईच्या कानाचं माप घेतलं. मग विचारलं, "अजून काही?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "वाजंल का थोडं?"

"वाजायला पाहिजे?"

"झुमका होता तव्हा चालताना कानापाशी बारीक वाजायचं. रानात एकटी असले तरी वाटायचं, कोणीतरी सोबत चालून राह्यलंय."

मला हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं. काकांनी पेन्सिल उचलली. माझ्या चित्रात शेवटच्या पानाच्या टोकाशी त्यांनी दोन छोटे घुंगरू काढले.

वेल तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी होती की मी पेटीतच बघत राहिले. पण आईच्या कानावर चढवली आणि ती घसरली. पकड आवळली तर कड लाल झाली. काकांनी पुन्हा सैल केली, ती पुन्हा घसरली. आईनं वेल काढून काउंटरवर ठेवली आणि पदर पुढं ओढला.

"राहू द्या," ती म्हणाली. रिक्षात पदर कानावर धरून बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "फोटोतल्या बायांचं फोटोतच बरं असतं."

मला फार वाईट वाटलं. तिच्या मनात ती हौस मीच जागी केली होती. ती निजल्यावर मी तोच फोटो पुन्हा उघडला आणि ताणत ताणत मोठा केला. पानं, त्यांच्या शिरा, कानामागची सावली. आणि तिथं, केसांच्या आत शिरणारी एक चमक दिसली. वेलीच्या वरच्या टोकापासून केसाएवढी बारीक साखळी निघून अंबाड्यात गेली होती. सगळा भार केसांनी धरला होता, कान नुसता नावाला होता. जड कुड्यांना मोत्यांचे वेल लावून केसांत अडकवतात, तसंच. माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

मी फोटो दाखवल्यावर काकांनी पानं घासून पातळ केली आणि साखळी जोडली. या वेळी आई यायला तयार नव्हती, म्हणून मीच पेटी घरी आणली. साखळीचा आकडा तिच्या अंबाड्यात खोचला, पकड नुसती टेकवली आणि हात सोडले. वेल जागच्या जागी राहिली. आई स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. काही काम नव्हतं तिथं. बराच वेळ ती अशी घरभर चालत होती आणि मी कूलर बंद करून ऐकत होते.

लग्न भोकरदनला होतं. आई पांढऱ्या साडीत, पदर कानामागं घेतलेला. बुद्धवंदना संपून सगळे उठले तेव्हा ती बाबांच्या शेजारून पुढं गेली. बाबा इकडंतिकडं बघायला लागले.

"काय वाजून राह्यलं गं?"

"मी," आई म्हणाली.

बाबांनी नीट बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "चांगलं हाय की," म्हणाले, आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत तिच्या उजव्या अंगालाच उभे राहिले.

जेवणानंतर मुलाकडची एक म्हातारी बाई आईजवळ येऊन बसली. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच स्वतःचा पदर सरकवला. तिच्या दोन्ही पाळ्या जड दागिन्यांनी ओघळून तुटल्या होत्या. "मला बी हुईल का असं?" तिनं विचारलं. आईनं मला हाक मारली. मी पत्रिकेच्या पाठीमागं तिचे कान काढले, आणि आई शेजारून सांगत होती, "पानं बारीक काढ. ह्यांचा कान लहान हाय."

आता आई गावी असते. दादाच्या जुन्या फोनवर तिला फोटो बघता येतात आणि आवडलेले मला पाठवताही येतात. परवा एक आला. कुठल्यातरी नटीचा हात, दोन बोटांत मिळून एकच रुंद अंगठी, वर निळा खडा. पाठोपाठ तिचा फोन आला.

"पाह्यली का? दोन बोटं एका ठिकाणी बांधलेली. भाकर कशी थापत असंल ती?"

"तिला कुठं भाकर थापायची आहे, माय?"

"तेच म्हणून राह्यले मी." ती हसली. मग तिचा आवाज हळू झाला, दुपारच्या झोपेत बोलायची तसा. "पण निळा लई खोल हाय गं. तू एकदा कागदावर काढ तर खरी, मंग बघू."