सिद्रामचा पुतळा आणि माझा वाफा

विद्यापीठात माळीकाम करणाऱ्याला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. कडुलिंबाखाली सकाळी झाडून घ्यावं, तर दुपारी परत पानं पडलेलीच, तसंच ते. माझ्याकडं तीस वर्षांची पानं साठलीत, आणि त्यातली निम्मी एकट्या सिद्रामची. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. मी वळसंगचा, तो अक्कलकोटच्या बाजूचा. दोस्त आहे माझा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटायचं नाही.

*

आवारात शिल्पं बसवायचं ठरलं तेव्हा एक शिल्पकार बाई आल्या. त्यांनी पहिलं काम लायब्ररीसमोर केलं. कमरेएवढा काळा दगड, मधोमध मोठी खोबण. ते काय आहे हे कुणालाच कळेना. आम्हाला दोन दिवसांत कळलं. सोलापूरचं ऊन हो ते. अकरा वाजता त्या खोबणीत डबे ठेवले की एक वाजता भाकरी आत्ताच तव्यावरून काढल्यासारखी.

एक दिवस बाई पाहुणे घेऊन दगड दाखवायला आल्या, तर खोबणीत पाच डबे. आमच्या साहेबांचं तोंड लाल झालं. डबे ठेवायची युक्ती माझी होती, खरं बोलायचं तर मीच बोलायला पाहिजे होतं. मी शब्द जुळवतोय तोवर सिद्राम पुढं झाला. म्हणाला, "मॅडम, तुमचा दगड आमाला रोज ताजं जेवू घालतोय की."

बाई हसल्या आणि सिद्रामच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. तिथंच माझं नशीब फिरलं.

*

दुसरं शिल्प माळ्याचं करायचं होतं. खुरपं घेऊन उकिडवा बसलेला म्हातारा माळी. बाईंनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, हनुवट्या वर करायला लावल्या, बाजारात बैल बघतात तसं बघितलं. मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. सिद्रामनं तोंड तरी धुतलं होतं का, देव जाणे.

बाई म्हणाल्या, "यांना घेते. चेहऱ्यावर आयुष्य दिसतंय."

मी म्हणालो, "मॅडम, आयुष्य न्हाय ते, बिड्या हायत."

पण सिद्रामच ठरला. आठ दिवस तो सावलीत बसून राहिला. हजेरी लागली, वर चहा. त्याच्या वाफ्यांना पाणी मात्र मी घातलं.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा पाईप ओढत तिकडून गेलो. मातीचा सिद्राम निम्मा झाला होता. बघतो तर हातातल्या खुरप्याचं पातं उलटं. खुरपताना तण आपल्याकडं ओढायचं असतं, धार आपल्या बाजूला पाहिजे. बाईंनी पातं रस्त्यावरून दिसावं म्हणून बाहेर वळवलं होतं. माती अजून ओली होती. मी एक शब्द बोललो असतो तर दोन मिनिटांत सरळ झालं असतं.

मी बोललो नाही. पाईप ओढत पुढं गेलो.

*

माती वाळली, साचा झाला, सिमेंटचा सिद्राम तयार झाला. आणि बसवला कुठं? माझ्या वाफ्यात. म्हणजे रोज सकाळी त्याला आंघोळ घालायची ती मी. साळुंक्या काय डोकं बघून घाण करत नाहीत. मी फडकं घेऊन पुसत असायचो आणि खरा सिद्राम मागं उभा राहून सांगायचा, "कानामागं राह्यलं बघ, गेनू."

एकदा बायकोला आवार दाखवायला आणलं. फुलझाडं सगळी माझी, ती तिनं चालता चालता बघितली. पुतळ्यापाशी मात्र दहा मिनिटं थांबली. "भावजी लई बेस निघालेत," म्हणाली.

मी म्हणालो, "बाई मलाच घेणार होत्या."

"घ्यायला पायजे होतं," ती म्हणाली. "सिमेंट लई वाचलं असतं."

*

अॅडमिशनच्या दिवसांत माळशिरसकडचे एक बाप-लेक आले. मुलगी फोटो काढत होती. बाप पुतळ्याभोवती एक फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "काका, ह्यानं उभ्या जन्मात खुरपलेलं न्हाय. धार बगा की कुटं हाय."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी वर्षभर वाट बघत होतो. वळून बघतो तर मागं सिद्राम, हातगाडी धरून उभा. तीस वर्षं गुडघे मोडून खुरपलेला माणूस. गाडी ढकलत निघून गेला. त्या दिवसापासून कानामागं पुसायचं राहिलं तरी तो सांगायचा बंद झाला.

*

पण मत्सर काय एवढ्यानं मरतो? कसल्याशा कार्यक्रमाला आवारातल्या सगळ्या पुतळ्यांना हार घातले. पोरांनी सिद्रामलाही घातला. सिद्राम तेव्हा रजा काढून सांगोल्याला लेकीकडं गेलेला. नेमका त्याच दिवशी त्याचा मेव्हणा त्याला भेटायला आला. पुतळा बघितला, हार बघितला, आणि तिथंच मटकन खाली बसून रडायला लागला. गावाकडं फोन लावला, कानडीत आक्रोश चालला.

मी धावत गेलो. "अवो पावणं, जित्ता हाय त्यो. सांगोल्याला डाळिंबं खात बसला आसंल."

तोवर गावाकडनं माणसं निघालीसुद्धा होती. सिद्राम परत आल्यावर महिनाभर सांगत हिंडत होता, कोण किती रडलं, कुणी जेवण टाकलं. जित्तेपणी हे ऐकायला मिळालेला दुसरा माणूस दाखवा मला. मी ऐकून घ्यायचो आणि घरी जाऊन विचार करायचो, आपल्या मेव्हण्याला साधा फोन तरी लावता येतो का.

*

सिद्रामचा कामावरचा शेवटचा दिवस. दुपारी आम्ही दोघं पुतळ्याच्या सावलीत जेवायला बसलो. मी डबा तसाच बाजूला ठेवला. शेवटी बोलून टाकलं.

"सिद्राम, त्यो खुरप्याचा घोळ मला तिसऱ्याच दिवशी दिसला व्हता. माती वली व्हती. म्या मुद्दाम बोललो न्हाय."

तो चटणी कालवत राहिला. "मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग तू का गप बसलास? लोकं तुला हसत्यात."

"बोललो आसतो तर बाई म्हनल्या आसत्या, मग नीट कसं धरत्यात ते दावा." सिद्रामनं भाकरीचा तुकडा मोडला. "आन् तुज्यावानी खुरपं ह्या आवारात कुनाला धरता येतंय, गेनू? मला उटवलं आसतं आन् तुला बसवलं आसतं."