लाल चिंधीचा गुलाब

निवृत्ती गेल्याचं कळलं तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला म्हणून धावलो. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, आप्पा गेले. डोळ्यांचं काय करायचं?" तसाच, एका गालावर साबण घेऊन, सायकलवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सुटलो. रस्त्यात लोक हसले. निवृत्ती असता तर सगळ्यांत मोठ्यानं हसला असता...

मखमलाबाद रस्त्याला त्याची गुलाबाची रोपवाटिका. आमची ओळख माझ्या शहाणपणातून झाली. रोप घ्यायला गेलो, तो सुटे आणायला गेला, तेवढ्यात काही रोपांवरच्या लाल चिंध्या मी, कुणाचा नवस असेल म्हणून, सोडून घडी करून ठेवल्या. "साहेब, माझं इमानच सोडून ठिवलं की तुम्ही!" रोग येऊन वाचलेल्या रोपाला तो चिंधी बांधायचा. "सांगून द्यायचं. मंग घेणाऱ्याची मर्जी." ती रोपं पुन्हा ओळखण्यात आमची दुपार गेली. शिक्षा म्हणून त्यातलंच एक मी चिंधीसकट घरी आणलं.

नेत्रदानाचा अर्ज त्यानं माझ्याच आग्रहानं भरला होता. पुढे त्याच्या मेंदूत गाठ निघाली, कॅन्सरची. मरणाची त्याला फारशी भीती नव्हती. "रोगट झाडाची काडी मी कोणाला कलमाला दिली नाय. डोळा कसा देऊ?"

तो असतानाच मी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं, पण विषय कसा काढावा कळेना. "मेंदूत गाठ आहे, डोळ्यांचं विचारायचंय," एवढंच बोललो, तर त्यांनी मलाच खुर्चीत बसवून डोळ्यांत बॅटरी मारली! उलगडा झाल्यावर म्हणाले, "बुबुळावरचा पारदर्शक पडदाच तेवढा बसवतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. मेंदूतली गाठ त्यातून दुसऱ्याला गेल्याचं माझ्या वाचनात नाही. पण कधीच जाणार नाही, असं छातीठोक सांगणार नाही. मूत्रपिंड असतं तर नकोच म्हणालो असतो."

मी निवृत्तीला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "ज्याला बसवणार त्याला आधी सांगा. हां म्हणला तर घ्या. नायतर माझ्यासंगं जाऊ द्या."

तो गेला त्या सकाळी डॉक्टर माझ्या साबणाला हसले नाहीत. पेठ तालुक्याकडची एक बाई डोळ्यासाठी थांबली होती. तिला त्यांनी गाठीचं आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं एकच विचारलं होतं, "देणाऱ्यानं सोताहून सांगितलं का?"

"हो."

"मंग चालंल."

तिला आता दिसतं. मला मात्र चैन नाही. बाईचं डोकं तर दुखत नाही ना, हे विचारून विचारून डॉक्टरांना मी भंडावून सोडलंय. घरी आल्यावर ओट्यावरच्या निवृत्तीच्या गुलाबाची पानं उलटून बघतो. अजून रोगाचा डाग नाही. चिंधी उन्हानं पांढरी पडली होती... परवा नवी लाल बांधली.