एक टिचकी हो, दोन टिचक्या नाही

ऑपरेशनमध्ये अण्णांचा आवाज गेला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर एक वेळ चाललं असतं. माझे वडील लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकायचा आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर अण्णांचा आवाज असायचा. आमचं घर बाजाराच्या भिंतीला लागून. लिलाव कुठल्या रांगेपर्यंत आला ते ऐकून आई कुकर लावायची. घसा कोरडा पडू नये म्हणून अण्णा गालात तंबाखू धरायचे. त्याच तंबाखूने घसा खाल्ला.

बोली थांबली की ते "एक वार, दोन वार" म्हणायचे आणि तिसऱ्या वाराआधी थांबायचे. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला अजून थोडा भाव मिळतोय का, बघायला. व्यापारी कावायचे, "अण्णा, उरका की! लय गाड्या राहिल्या हायेत अजून." अण्णा ढिम्म हलायचे नाहीत.

ऑपरेशननंतर गळ्याला एक भोक राहिलं, श्वास घ्यायला. भेटायला येणारे त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, जसे काही कानही कापून टाकलेत. अण्णा डोळे मिटून घ्यायचे. एका नातेवाइकांना मी तोंडावर सांगितलं, "हळू बोला, ते बहिरे नाहीत." ते पुन्हा आले नाहीत. बरं झालं.

मी नाशिकला, सासरी. रोज संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. बोलायची मी, ते फोनवर नखाने टिचकी मारायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवलात का? टक. औषध घेतलं? टक टक. मग मी चिडायची आणि पलीकडून गळ्यातली हवा फसफसायची. ते हसत असायचे.

मग आजार उलटला. नाशिकच्या दवाखान्यात त्यांना आणलं तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. इथे ठेवा, नाहीतर घरी न्या. धाकटा भाऊ न्यायला तयार नव्हता.

"ताई, वाटेतच काही झालं म्हणजे? इथं निदान डॉक्टर तरी हायेत."

मी अण्णांचा हात माझ्या तळव्यावर घेतला. "अण्णा, घरी जायचंय?"

बोट एकदा आपटलं.

"नुसतं बोट हलतंय गं," भाऊ म्हणाला. "त्यांना काय कळतंय आता?"

माझं डोकं फिरलं. मी वाकून विचारलं, "अण्णा, तुम्ही जन्मात कधी हळू बोललात का?"

टक टक.

भाऊ भिंतीकडे तोंड करून हुंदके देत राहिला. मग डोळे पुसून अॅम्ब्युलन्स बघायला गेला.

घरी खिडकीशी खाट टाकली. सकाळी भिंतीपलीकडे लिलाव सुरू झाला. त्यांच्या जागी आलेल्या माणसाचा आवाज किनरा आहे. "बरा पुकारतो का हो?" मी विचारलं. टक टक. आई तोंडाला पदर लावून हसली. किती दिवसांनी हसली ती.

"दुखतंय का, अण्णा?"

टक टक. कपाळावरची शीर तटतटली होती, दुसऱ्या हाताने चादर मुठीत धरली होती. धडधडीत खोटं बोलत होते. त्या खोट्याने माझा जीव इतका कळवळला की मला त्यांच्याकडे बघवेना. मी नुसती त्यांची ती मूठ सोडवत राहिले.

दुपारचा लिलाव सुरू झाला. त्यांचा हात माझ्या तळव्यावरच होता. खिडकीतून पुकारा येत होता. मी म्हटलं, "अण्णा, ऐकू येतंय का?"

बोट हललं नाही.

मी पुन्हा विचारलं. आई देवापाशी बसली होती, ती तिथूनच माझ्याकडे बघायला लागली.

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. थांबले. अण्णा थांबायचे तशी. भिंतीपलीकडे एकामागून एक गाड्यांचे भाव फुटत होते आणि मी तळवा तसाच धरून बसले होते. शेवटी भावानेच येऊन माझा हात सोडवला.