लेओने वाचलेली त्रेचाळीस नावं

लेओविहिल्दा पाचेको आमच्या काबाइग्वान गावच्या सिगार कारखान्यात एकतीस वर्षं वाचत होती. आम्ही दालनात त्रेचाळीस जण पानं वळायचो आणि ती चौथऱ्यावर जुन्या मायक्रोफोनसमोर बसून वाचायची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि मधे जो काही कागद येईल तो. नोटिसा, लग्नाची बोलावणी, मायामीहून कुणाच्या भावाची आलेली पत्रंसुद्धा. आमचे हात तंबाखूने चिकट असतात, कागद धरला तर पानाचाही सत्यानाश आणि कागदाचाही. म्हणून कागद आला की आम्ही एवढंच म्हणायचो, "लेओकडे दे."

बाई काडीसारखी, गुडघे गेलेले, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. नवरा दुसरीकडे नांदायला गेला त्या दिवशीही ती कामावर आली. फक्त कादंबरीतली लग्नाची दोन पानं गाळून पुढे गेली. आम्हा सगळ्यांना ते कळलं, कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढी अक्कल तेव्हा आम्हाला होती.

वाचणारी बाई आम्ही मतं देऊन निवडतो, पुस्तकही तसंच. पाच वर्षांपूर्वी निवडून आली कामाग्वेच्या कुणा भूगोलाच्या मास्तरने लिहिलेली सात भागांची कादंबरी. ग्रह, यानं, लढाया. माझ्या शेजारच्या बाकावरचा म्हातारा ओरेस्तेस म्हणाला होता, "इथे बसचा पत्ता नाही, आणि हे निघाले सूर्यापलीकडे!" पण त्यातला झुरान आला आणि ओरेस्तेसही गप्प झाला.

झुरान हवाखात्यातला साधा कारकून. एका चंद्रावर लोकांना नळाने हवा मिळते, तिचं वाटप तो करायचा. तिथून तो नऊ ग्रहांचा मुख्य प्रधान झाला, आणि सहा भागांत त्याने एकदाही शस्त्र उचललं नाही. याच्या कानात त्याचं, त्याच्या कानात याचं. एका बंद पडलेल्या दीपस्तंभाचं निमित्त करून त्याने दोन सख्ख्या शेजारी ग्रहांना एकमेकांच्या जिवावर उठवलं. लेओ त्याचं बोलणं मधासारखं वाचायची आणि आमच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वाचन आवडलं की आम्ही पान कापायच्या सुऱ्या फळीवर आपटतो, नाही आवडलं की जमिनीवर टाकतो. झुरानने आपल्या गुरूला पकडून दिलं त्या दुपारी त्रेचाळीस सुऱ्या जमिनीवर पडल्या होत्या.

मग एवेलिओ मारेरो दालनाचा मुख्य म्हणून आला. गोडबोल्या. आमच्या पोरांची नावं त्याला पाठ. मला म्हणायचा, "इदाल्मिस, राणी, तुझ्या सिगार वळण्याबद्दल ओरेस्तेस काय बोलतो ते तुला न सांगितलेलंच बरं." ओरेस्तेसला माझ्याबद्दल तेच. महिन्याभरात आम्ही दोघं बोलेनासे झालो, आणि त्यामागे एवेलिओ आहे हे समजल्यावर ओरेस्तेसनेच त्याला झुरान म्हणायला सुरुवात केली.

एका दुपारी लेओला लहर आली. झुरानचं बोलणं तिने एवेलिओच्या आवाजात वाचलं, त्याच्या त्या "बघू या हं, राण्यांनो"सकट. सुऱ्या अशा वाजल्या की खिडक्या थरथरल्या. एवेलिओ दारातच उभा होता. तोही हसला. तेव्हाच आम्ही घाबरायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी तो बाकाबाकावर एक कागद घेऊन फिरला. "लेओचा मायक्रोफोन खरखरतो, नवा मागवू या. सह्या करा."

"लेओकडे दे, वाचून दाखवेल," मी म्हणाले.

"अगं, तिला कळू द्यायचं नाहीये. चकित करू तिला."

वरचा भाग दुमडलेला. माझी बोटं त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली, पेन हातात दिलं. मी सही केली. सगळ्यांनीच केली. पाच वर्षं त्या हरामखोर झुरानच्या नावाने बोटं मोडली, आणि तो रुमाल घेऊन आला तर आम्ही हात पुढे केले! मी चौथीत पहिली आले होते. मला वाचता येत होतं.

सोमवारी नोटीस आली, आणि रीतीप्रमाणे ती लेओच्याच हातात दिली. तिने वाचलं, "आम्ही खाली सह्या करणारे कामगार विनंती करतो की वाचकाचे पद बंद करावे. आम्हाला रेडिओ पुरेसा आहे." मग नावं. एकही गाळलं नाही. ओरेस्तेसचं वाचलं, माझं वाचलं, तेही त्याच खणखणीत आवाजात. एकही सुरी जमिनीवर पडली नाही. टाकणार कुणाच्या नावाने? तिने कागदाची घडी घातली, खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि उतरली.

"सह्या तुमच्याच ना, राण्यांनो?" एवेलिओ म्हणाला.

सुट्टी झाल्यावर मी तिच्या घरी गेले. ती युकाचे कंद सोलत होती. बस म्हणाली नाही.

"लेओ, हात चिकट होते गं. त्याने सांगितलं, मायक्रोफोन..."

"डोळेही चिकट होते?" तिने सुरी खाली ठेवली. "पाच वर्षं घसा फोडला मी तुमच्यासाठी. पालथ्या घड्यावर पाणी! झुरानचा राग आला म्हणून सुऱ्या जमिनीवर टाकता. त्याला बिनवाचता सह्या देणारे मूर्ख कोण, हे कधी विचारलंत?"

मी विचारलं, "सातव्या भागात त्याचं काय होतं, तेवढं तरी सांग."

"चौथऱ्यावर सांगेन. इथे नाही. माझी जागा तुम्ही घालवलीत, तुम्हीच आणा."

मी मोठ्या अक्षरांत कागद लिहिला: लेओविहिल्दा पाचेकोला परत बोलवा. निम्म्याहून जास्त, म्हणजे बावीस सह्या हव्या होत्या. आता दालनात वाजणाऱ्या रेडिओपेक्षा मोठ्याने ओरडून मी तो प्रत्येक बाकावर शब्द न शब्द वाचून दाखवला. अठरा जणांनी सही केली. माझी धरून एकोणीस. बाकीच्यांनी नाही म्हटलं. राहिला ओरेस्तेसचा बाक. तिथे चौघं बसतात आणि तिघं ओरेस्तेसच्या तोंडाकडे बघतात. आदल्याच आठवड्यात एवेलिओने त्या बाकाला खिडकीजवळची, वाऱ्याची जागा दिली होती.

"ठेवून जा," ओरेस्तेस म्हणाला.

"आत्ताच वाचला की मेल्या!"

"तू वाचलास. आम्ही आता स्वतः वाचल्याशिवाय सही करत नाही. एकदा फसलो ते पुरे."

त्याला दोन महिने झाले. कागद त्याच्या फळीखाली आहे. रोज सकाळी मी जाऊन विचारते, वाचलास का? तो तंबाखूने माखलेले हात वर करून दाखवतो.